शोकाची अंगठी कोणाच्या बोटात?

मृत व्यक्तीच्या केसांची वीण असलेली बांगडी, कवटी कोरलेली अंगठी, काळ्या मीन्यावर सोनेरी अक्षरे उमटवलेले पदक. अशा वस्तूंची छायाचित्रे अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि त्यांखाली ठरलेल्या दोनच प्रतिक्रिया उमटतात. ‘व्हिक्टोरियन लोक किती विचित्र होते’ ही एक, आणि ‘काय हे उत्कट प्रेम’ ही दुसरी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही सारख्याच निरुपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा धागा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. शोकालंकार ही राणी व्हिक्टोरियाच्या काळाची निर्मिती नव्हे. इंग्लंडमध्ये मृताच्या स्मरणार्थ अंगठी देण्याची रीत तिच्या जन्मापूर्वी दोनशे वर्षे चांगली रुळलेली होती. शेक्सपिअरने १६१६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात आपल्या नाटक मंडळीतील तिघांना, म्हणजे जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री कॉन्डेल यांना, अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. हा मजकूर मृत्युपत्राच्या मूळ ओळीत नाही. तो दोन ओळींच्या मधल्या जागेत मागाहून भरलेला आहे. म्हणजे मृत्युपत्र लिहून झाल्यावर कोणाला तरी या तिघांची आठवण झाली.

ती आठवण किती मोलाची होती, हे सात वर्षांनी कळले. बर्बेज १६१९ मध्ये वारला. परंतु उरलेल्या दोघांनी, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी, १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापून घेतला. ‘मॅक्बेथ’ किंवा ‘टेम्पेस्ट’ यांसारखी नाटके त्यापूर्वी छापली गेलेलीच नव्हती. त्या अंगठ्या त्यांनी घेतल्या का, घेतल्या असतील तर त्या कशा होत्या, याने येथे फरक पडत नाही. मृत्युपत्रातील ती एक ओळ मात्र सांगते की, हे दोघे केवळ सहव्यवसायी नव्हते. मृताच्या मागे त्याची आठवण बाळगण्याचा अधिकार असलेली माणसे होती.

‘अधिकार’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. शोकाची अंगठी बहुधा दुकानातून स्वतः आणायची वस्तू नव्हती. ती दिली जात असे. मृत्युपत्रात त्यासाठी रक्कम ठेवलेली असे, किंवा वारसदार सोनाराकडून एकाच घडणीच्या अनेक अंगठ्या करवून वाटत असत. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १७०३ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या नावे शंभराहून अधिक अंगठ्या वाटल्या गेल्या, आणि त्याही तीन प्रतींच्या: २० शिलिंगांची, १५ शिलिंगांची आणि १० शिलिंगांची. कोणाला कोणती, याची यादी होती.

मराठी वाचकाला ही यादी समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. लग्नात कोणाला पैठणी, कोणाला साधी साडी आणि कोणाची केवळ खण-नारळावर बोळवण, या हिशोबाला आपण मानपान म्हणतो. पीप्सच्या अंगठ्या म्हणजे मृत्यूचे मानपान. त्यात दुःख नव्हते असे नाही. परंतु दुःखाची प्रतवारी जाहीर होती, आणि ती बोटात घालून मिरवता येत होती. दहा शिलिंगांची अंगठी मिळालेला गृहस्थ वीस शिलिंगांच्या अंगठीकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे कळण्यासाठी आपल्यापैकी कोणालाही पुराभिलेखागारात जाण्याची आवश्यकता नाही.

म्हणून शोकालंकार समोर आला की ‘यातून किती दुःख व्यक्त होते’ हा प्रश्न मी अखेरीस ठेवते. आधीचा प्रश्न असा: ही वस्तू कोणाला मिळाली, आणि कोणाला मिळाली नाही?

आता वस्तू वाचायची कशी, ते थोडक्यात. अठराव्या शतकातील अंगठीच्या कड्यावर सामान्यतः तीन गोष्टी असतात: नाव, मृत्यूची तारीख आणि वय. तारखेच्या आधी येणारी ‘ओबी’ अशी दोन अक्षरे म्हणजे ‘मरण पावला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप; आणि वयाच्या आधी येणारा असाच दुसरा संक्षेप म्हणजे ‘वयाच्या अमुक वर्षी’. काळा मीना ही सर्वसाधारण रीत. पांढरा मीना दिसला तर मृत व्यक्ती बहुधा अविवाहित होती, किंवा मूल होते. तारीख १७५२ पूर्वीच्या जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चमधील असेल तर सावध राहावे. इंग्लंडमध्ये तोवर कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे अंगठीवरील साल आपल्या हिशोबाने एका वर्षाने मागे असू शकते. मृत्यूची नोंद चर्चच्या वहीत शोधताना वर्ष चुकले की माणूस सापडत नाही.

या तीन गोष्टींपैकी वयाचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. सत्तरीच्या गृहस्थाची अंगठी समजून घेता येते: मृत्युपत्र, मालमत्ता, मित्रपरिवार, मानपान. पण पांढऱ्या मीन्यावर वर्षांऐवजी महिने मोजलेले दिसले की हा सगळा हिशोब लटका पडतो. त्या बाळाला ना मालमत्ता, ना मित्र. चर्चच्या वहीतील बाप्तिस्मा आणि दफन या दोन ओळींपलीकडे त्याच्या आयुष्याचा दुसरा पुरावा बहुधा राहिलेला नसतो. आणि तरीही कोणीतरी सोनाराला बोलावून त्याचे नाव सोन्यात घालून घेतलेले असते.

सुप्रसिद्ध माणसांच्या बाबतीत हीच पद्धत वापरली तर काय दिसते, त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे नेल्सन. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्राफल्गरच्या लढाईत तो मारला गेला. त्यानंतर लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील जॉन सॉल्टर या जवाहिऱ्याने ५८ शोकांगठ्या घडवल्या. सोने, काळा मीना, नेल्सनच्या दोन पदव्यांचे दोन मुकुट, त्यांखाली त्या पदव्यांची आद्याक्षरे आणि ‘ट्राफल्गर’ हा शब्द. आप्तेष्टांत आणि निकटवर्तीयांत त्या वाटल्या गेल्या. अंगठीवर जे कोरले आहे ते पाहा: पदव्या आणि विजय. हा सरकारमान्य नेल्सन आहे.

पण मरताना नेल्सनने मागितले होते वेगळेच. आपले केस लेडी एमा हॅमिल्टनला द्यावेत, असे त्याने कप्तान हार्डीला सांगितल्याचे जहाजावरील शल्यवैद्य बीटी याने नोंदवून ठेवले आहे. एमा त्याची पत्नी नव्हती. पत्नी फ्रान्सिस हयात होती आणि त्याच्यापासून विभक्त राहत होती. एमा ही त्याची प्रेयसी आणि त्याच्या मुलीची, होरेशियाची, आई. लढाईपूर्वी लिहिलेल्या पुरवणीपत्रात नेल्सनने या दोघींना राजाच्या व देशाच्या हवाली केले होते. देशाने नेल्सनच्या धर्मोपदेशक भावाला अर्ल केले आणि मोठी रक्कम दिली. एमाला काहीही दिले नाही. जानेवारी १८१५ मध्ये ती फ्रान्समधील कॅले येथे दारिद्र्यात मरण पावली.

त्याची वेणी मात्र तिला मिळाली. ती आज ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. ५८ अंगठ्या आणि एक कापलेली वेणी यांतील अंतर म्हणजे समाजाने मान्य केलेला शोक आणि न केलेला शोक यांतील अंतर. केवळ अंगठ्या पाहून नेल्सनचे चरित्र लिहिणाऱ्याच्या हाती एक सेनापती लागेल. वेणीची कहाणी कळल्यावर त्याच चरित्रात एक स्त्री आणि एक लहान मुलगीही येतात.

केसांविषयी लोकांना किळस का वाटते, हे मला कळते. परंतु त्यामागील साधे कारण लक्षात घेतले तर ती ओसरते. केस कुजत नाहीत, त्यांचा रंग टिकतो, आणि छायाचित्र नसलेल्या काळात शरीराची सोबत ठेवता येण्याजोगी तेवढीच एक गोष्ट होती. यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथे ब्राँटी भगिनींचे घर आज संग्रहालय आहे. तेथे अ‍ॅमेथिस्ट जडवलेली, केसांची एक बांगडी आहे. एमिली आणि अ‍ॅन या दोघींचे केस तिच्यात गुंफले आहेत, आणि ती शार्लटची मानली जाते. सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल गेला, १९ डिसेंबरला एमिली गेली, २८ मे १८४९ रोजी अ‍ॅन गेली. नऊ महिन्यांत तीन भावंडे. घरात उरली शार्लट आणि वृद्ध वडील. या बांगडीवर नाव नाही, तारीख नाही. ज्या एका व्यक्तीला ती वाचायची होती तिला त्याची गरज नव्हती. अशा वस्तू कुटुंबाबाहेर पडल्या की त्यांचा अर्थ मात्र क्षणात पुसला जातो, आणि सूचीत उरते ‘केसांची बांगडी, एकोणिसावे शतक’.

केसकामाचा पुढे मोठा धंदा झाला. ग्राहक कुरिअरने पार्सल पाठवावे तसे केस कारागिराकडे पाठवत आणि बदल्यात साखळ्या, कर्णभूषणे, पदके येत. त्याबरोबर एक भीतीही आली: परत आलेले केस आपल्याच माणसाचे कशावरून? कमी पडलेल्या जागी दुसऱ्याच कोणाचे केस भरल्याचा आरोप कारागिरांवर होऊ लागला. घरच्या घरी हे काम शिकवणारी पुस्तके निघण्यामागे छंदाइतकाच हा संशयही होता. बाजारातील त्या इतर केसांचा मोठा भाग गरीब शेतकरी मुलींचा. ब्रिटनीच्या जत्रांत त्या आपले केस विकत. एखाद्या श्रीमंत मृताच्या आठवणीत एखाद्या अनाम, जिवंत मुलीची वेणी मिसळलेली असू शकते, हे ‘उत्कट प्रेम’ म्हणणाऱ्यांना माहीत असावे.

१४ डिसेंबर १८६१ रोजी राजपती अल्बर्ट वारला आणि राणी व्हिक्टोरियाने उरलेली चाळीस वर्षे काळ्या वस्त्रांत काढली, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. त्याचा बाजारावर काय परिणाम झाला, ते कमी सांगितले जाते. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावी जेट मिळतो. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या लाकडापासून बनलेला हा काळा, हलका पदार्थ. हातात घेतला तर काचेसारखा थंड लागत नाही. गर्द शोकाच्या काळात चमकदार दागिना वर्ज्य, त्यामुळे जेटला तोड नव्हती. १८३२ मध्ये या गावात जेटची दोन दुकाने आणि जेमतेम पंचवीस कारागीर होते. १८७० च्या दशकाच्या आरंभी या धंद्यावर सुमारे पंधराशे माणसे जगत होती. दिवसभर चाकासमोर बसून काळी भुकटी श्वासात घेणारी ही माणसे. पुढच्या दशकात फॅशन पालटली, स्पेनचा स्वस्त जेट आणि काळ्या काचेच्या नकला आल्या, आणि ती मजुरीही गेली. जेटच्या माळेवर मृताचे नाव बहुधा नसते. कारागिराचे तर नसतेच.

आणि ही माळ घालायची कोणी? नियमांचा भार जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांवर होता. विधवेने दोन-अडीच वर्षे टप्प्याटप्प्याने काळे नेसावे, पहिले वर्ष निस्तेज क्रेपमध्ये गुरफटून काढावे, मग हळूहळू करडा, जांभळा. विधुराचे काही महिन्यांत, दंडावरच्या काळ्या पट्टीवर आणि टोपीवरच्या फितीवर भागत असे. शोकालंकार हा एकाच वेळी आठवण होता आणि गणवेश होता.

येथे महाराष्ट्राकडे वळणे मला अपरिहार्य वाटते; कारण हे दागिने पाहताना आपल्याला जे विचित्र वाटते त्याचे मूळ आपल्या उलट्या रीतीत आहे. तिकडे मृत्यूनंतर स्त्रीच्या अंगावर दागिना चढत होता. आपल्याकडे उतरवला जात होता. मंगळसूत्र तुटे, बांगड्या फोडल्या जात, जोडवी निघत. पूर्वजांच्या आठवणीला आपल्याकडेही धातू लाभतो, पण तो टाक होऊन देवघरात बसतो. अंगावर येत नाही. केसांच्या बाबतीत तर हा विरोध अंगावर काटा आणणारा आहे. ज्या दशकांत इंग्लंडमध्ये मृताचे केस सोन्यात मढवले जात होते, त्याच दशकांत ब्राह्मणांत आणि काही इतर उच्चवर्णीय जातींत मृतासाठी त्याच्या जिवंत पत्नीचे केस कापले जात होते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही माझ्या मते आपल्या सामाजिक इतिहासातील अत्यंत सुंदर घटनांपैकी एक.

याचा अर्थ इंग्रजी रीत उदार होती, असा काढू नये. चढवणे काय आणि उतरवणे काय, विधवेचे शरीर ही दोन्हीकडे मृत पुरुषाची पाटीच होती. फरक इतकाच की चढवलेली वस्तू मागे राहते आणि संग्रहालयात पोहोचते. फोडलेल्या बांगडीची काच कोणी सूचीबद्ध करत नाही. त्यामुळे इंग्लंडमधील विधवेच्या शोकाचा पुरावा काचेच्या कपाटात आहे, आणि आपल्याकडील तिच्या समकालीन स्त्रीचा पुरावा सुधारकांच्या निबंधांत, आत्मचरित्रांत आणि सभांच्या वृत्तांतांत शोधावा लागतो. शिवाय आपल्याकडे हा विषय इतिहासजमा झालेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. ‘व्हिक्टोरियन लोक विचित्र होते’ असे लिहिण्यापूर्वी ही तारीख डोळ्यांपुढे ठेवावी.

इंग्लंडमधील ही रीत मोडली ती पहिल्या महायुद्धात. घरटी मृत्यू येऊ लागल्यावर अडीच वर्षांचा काळा पोशाख कोण आणि कोणापुढे पाळणार? अंगठीची जागा एका सरकारी वस्तूने घेतली: मृत सैनिकाच्या निकटच्या नातलगाला मिळणारी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य चकती. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या काढल्या गेल्या. पीप्सच्या तीन प्रतींच्या अंगठ्यांनंतर दोन शतकांनी आलेल्या या चकतीवर मृताचे केवळ नाव आहे, हुद्दा नाही. सेनापती आणि शिपाई यांना एकाच मापाची चकती. मानपान संपले, असे क्षणभर वाटते.

या चकत्या भारतीय सैनिकांच्या घरीही आल्या. इराकमधील कूत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कित्येक लढाईत गेले, कित्येक उपासमारीने, कित्येक कैदेत. पुढे बसरा येथे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. सामान्य भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदवलेले आहेत. म्हणजे स्मारकाने ज्याला आकडा केले त्याचे नाव, त्याच सरकारने दिलेल्या कांस्य चकतीवर, गावातल्या एखाद्या घरात उठावदार रोमन अक्षरांत असू शकते.

या चकत्या आज जुन्या वस्तूंच्या बाजारात नाण्यांसोबत विकल्या जातात, काही भंगारातही जातात. तुमच्या किंवा तुमच्या आजोळच्या घरी पितळेसारखी दिसणारी, सिंह आणि त्रिशूळधारी स्त्री असलेली मोठी चकती असेल, तर तिला चिंच-मीठ लावून घासू नका. आयताकृती चौकटीतील नाव रोमन अक्षरांत जसे आहे तसे उतरवून घ्या, चुकीचे वाटले तरी दुरुस्त न करता. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. आणि घरातल्या वयस्कर व्यक्तीला विचारा की ती आली तेव्हा घरात कोण होते: आई, विधवा, की लहान भाऊ. ते कागदावर लिहून, तारीख घालून, चकतीसोबतच ठेवा.